अतुलचा निळा शर्ट

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. भाद्रपद पौर्णिमा

हौशीरामभाऊंनी दुकानात पडून असलेली डायरी मला दिली. म्हणाले, "चारच महिने उरलेत, पण कागद चांगला आहे. डोक्यात येईल ते हिच्यात लिही, आमचे कान किटले." भाऊ आमच्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक. ग्रहणाचे वेध लागतात म्हणून त्यांनी आज बाराच्या आत शटर ओढलं. आम्ही ग्रहण पाळत नाही, पण सुट्टी पाळली.

आजचं काम पूर्ण झालं. वस्तीत बेचाळीस घरं आहेत आणि प्रत्येक पौर्णिमेला, जयंतीला, प्रत्येक घराचा शुभेच्छांचा बॅनर मी करतो. मधे बुद्धमूर्ती, खाली घरच्या माणसाचा हात जोडलेला फोटो, त्याखाली "शुभेच्छुक" आणि नाव. पस्तीस जणांना मोबाइलवर पाठवतो, ते आपापलं टाकतात. सात जणांना ते जमत नाही. त्यांची खाती माझ्याकडे उघडी असतात, तिथे मीच टाकतो. वहीत बेचाळीस चौकटी आखल्या आहेत. टाकलं की बरोबरची खूण. एक जरी चौकट कोरी राहिली तरी मला जेवण जात नाही, हे आईला माहीत आहे. मी नववीनंतर शाळा सोडली, पण आपल्या बॅनरवर अशुद्ध शब्द सापडला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. "पौर्णिमा" तीन वेळा तपासला.

सात जणांत सहा म्हातारी माणसं आणि एक अतुल. अतुल माझ्या बरोबरीचा. एप्रिलमध्ये बडोद्याला कंपनीत लागला. तिथे आत मोबाइल नेऊ देत नाहीत.

संध्याकाळी विहारात वंदना, मग गोरखआबांचं वर्षावासाच्या तीन महिन्यांचं ग्रंथवाचन. खीर वाटताना अतुलची आई, नंदामावशी, मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. तिला वाचता येत नाही, फोटो कळतात.

"पदू, अतुलचं आलं बग. सक्काळी सातलाच आलं."

"हो मावशी, बघितलं."

"फोन लागत न्हाई त्याचा. पण सनाला येतंच. सनाला आलं म्हंजी पोरगं बरं हाय." मग तिने फोटो बोटांनी मोठा केला. "पदू, पन शर्ट त्योच का रं? बुद्धपौर्णिमेला त्योच, आखाडीला त्योच, आज बी त्योच. नवा घेत न्हाई का त्यो?"

माझ्याकडे अतुलचा एकच चांगला फोटो आहे, राखाडी शर्टातला. मावशीचं बरोबर होतं. एकच फोटो परत परत वापरणं हे कामचुकारपणाचं लक्षण. उद्या दुरुस्त करीन.

सोमवार, ८ सप्टेंबर

अतुलचा शर्ट निळा केला. आपलाच रंग. कॉलरच्या आतली सावली काढायला पाऊण तास गेला, पण कोणाला शंका येणार नाही. चेहराही थोडा उजळ केला. नवीन फोटो त्याच्या खात्यावर टाकला. दुपारी मावशी आईला सांगत होती, "निळा घेतलान. शोभतोय."

मंगळवार, १६ सप्टेंबर

अक्षर वाईट येतंय, तरी लिहितो.

भाऊंनी लोणावळ्यात तुंगार्लीला पाठवलं होतं. एका बंगल्याच्या फाटकावर "बंगला भाड्याने मिळेल"चा फ्लेक्स लावायचा होता. मालक मुंबईचे, फोनवरच बोलतात. फाटक उघडंच होतं. आत पोहण्याच्या टाकीवर एक माणूस लांब दांड्याच्या जाळीने पानं काढत होता. मी म्हटलं, "ओ दादा, शिडी आहे का?"

त्याने वर पाहिलं. अतुल होता.

मी "अतुल" म्हणालो की नुसताच उभा राहिलो, आठवत नाही. शिडीचं मात्र परत विचारलं, ते आठवतं. गालाची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. अंगात राखाडी शर्ट. तोच. कोपरावर विरलेला.

"तू बडोद्याला होतास ना?"

"न्हाई गेलो."

"मग कधीपासून इथे?"

"एप्रिलपासनं. तळेगावच्या कंपनीनं काढलं, ठेकेदार बदलला म्हणून. आईला काय सांगू? बडोदा सांगितलं."

पाच महिने. आमच्या वस्तीपासून मोटारसायकलवर तासाभराचं अंतर नाही.

शिडी त्याने आणून दिली, खालून धरली. मी फ्लेक्सच्या कोपऱ्यांच्या रिंगांत दोरी ओवायला लागलो. खालून तो म्हणाला, "माझं खातं तूच चालवतोस ना?"

"तूच सांगितलं होतंस."

"लय चांगलं चालवतोस. निळा शर्ट बी बगितला. मला पन पटाया लागलं."

मी म्हणालो, सावलीला पाऊण तास लागला. तो हसला. मग म्हणाला, "पद्या, कुणाला बोलू नगंस. शपथ हाय."

मी शपथ घेतली. असं अचानक भेटल्यावर माणूस काहीही कबूल करतो.

बुधवार, १७ सप्टेंबर

कामात तीन चुका. भाऊ म्हणाले, "काय रे, साखरपुड्याच्या बॅनरवर कोणी 'भावपूर्ण' लिहितं का? पोरीचा बाप मारेल मला." मी लगेच बदललं.

एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. तेरा एप्रिलला अतुल दुकानात आला होता. स्टुलावर दीड तास बसला. जयंतीचे एकतीस बॅनर बाकी होते, मी मान वर केली नाही. दोनदा म्हणाला, "पद्या, जरा बाहेर येतोस का? बोलायचं होतं." मी म्हटलं, एवढं झालं की येतो. मग म्हणाला, "जाऊ दे. माझंबी टाक उद्या, मला लिवता येत न्हाई." मोबाइल दिला, मी त्याचं खातं दुकानात उघडून घेतलं. तो गेला तेव्हा माझा विसावा बॅनर चालू होता.

वहीत पाहिलं. त्या जयंतीला बेचाळीसच्या बेचाळीस खुणा आहेत.

रविवार, २१ सप्टेंबर

नंदामावशी घरी आली होती. आई भाकरी थापत होती. मावशी म्हणाली, "आवंदा दसऱ्याला आला तर बरं व्हईल. कंपनी सोडती का रं दसऱ्याला?"

आई म्हणाली, "आगं सोडंल की. गुजरातेत बी दसरा आसतोच."

मी भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायलो. मावशी मला म्हणाली, "तुला तरी फोन येतो का त्याचा?" मी म्हटलं, "मावशी, त्यांना आत मोबाइल नेऊ देत नाहीत." हे वाक्य मी पाच महिने खरं समजून बोलत होतो. आज पहिल्यांदा खोटं म्हणून बोललो. शब्द तेच होते, त्यामुळे तिला फरक कळला नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

भाऊंची मोटारसायकल मागून तुंगार्लीला गेलो. आईने दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा नेला. आईला सांगितलं, लोणावळ्यात काम आहे.

दोघं तिथल्या तळ्याच्या भिंतीवर बसलो. धुकं होतं, पर्यटक भुट्टे खात फोटो काढत होते. अतुलने भाकरी हातात धरली, खाल्ली नाही. मी आपला वस्तीतलं सांगत बसलो, गोरखआबांचा चष्मा फुटला, आक्काबाईंची शेळी व्याली. मग मी विचारलं, "तू आम्हाला कोणालाच कसं काही कळवलं नाहीस?"

त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"कळवलं की. बुद्धपौर्णिमेला कळवलं."

"कसं?"

"काय टाकलंच न्हाई. मुद्दाम. म्हटलं बगू. आपल्या वस्तीत सनाला एकाचं आलं न्हाई तर बोंब हुती. येसूबाईचं एकदा आलं न्हवतं तर तिच्या घरी सात मान्सं गेलती, म्हातारी गेली का काय बगाया. म्हटलं माझं न्हाई आलं तर कुनीतरी फोन करंल. आई करंल. तू करशील. फोन हातात घिऊन बसलो सकाळपासनं."

मी ठेच्याची पुडी परत बांधली.

"आठ वाजता बगितलं तर माझंच आलेलं. माझा फोटू, हात जोडल्याला, 'सर्वांचे मंगल होवो'. खाली लोकं, 'अतुलभाऊ, नमो बुद्धाय, तुमचेही मंगल होवो.' पन्नास लोकं. फोन एकाचा बी न्हाई. मग त्यो बंदच करून ठिवला."

"अरे, तूच खातं दिलं होतंस."

"जयंतीपुरतं दिलतं."

हे खरं आहे. "उद्या" म्हणाला होता, दुसरं काही नाही. बारा मेच्या सकाळी त्याची चौकट कोरी होती. खातं उघडं होतं. मी टाकून दिलं. त्याला विचारायला हवं असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, मी त्याचं काम करतोय.

"मला शिव्या दे," मी म्हटलं.

"शिव्या कशाला? त्यो तिकडचा अतुल बरा हाय. येळेवर उठतो, सगळ्यांला शुभेच्छा देतो, नवा शर्ट घालतो. आईबी खूश हाय त्याच्यावर." मग तळ्याकडे बघत म्हणाला, "दसऱ्याला टाकशील ना?"

"नको म्हणत असशील तर नाही टाकत."

"न्हाई, टाक. धम्मचक्र दिनाचं चांगलं मोठं टाक. म्हंजी कुनाला कायच कळायचं न्हाई. फुडंबी टाकत जा. प्रत्येक सनाला."

मी "बरं" म्हणालो. त्याने गुपित राखायला सांगितलंय तर राखलं पाहिजे, असं मला वाटलं. येताना त्याने गाडीचा आरसा आपल्या बाहीने पुसून दिला.

बुधवार, १ ऑक्टोबर

एक्केचाळीस बॅनर झाले. अतुलची फाइल चार वेळा उघडली. निळा शर्ट, हात जोडलेले. फक्त तारीख बदलायची होती. हात चालला नाही. डोकं दुखत होतं म्हणून असेल. भाऊ म्हणाले, "सणाच्या आदल्या दिवशी अडकलेल्या मशीनसारखा काय बसलायस? घरी जा."

एक चौकट कोरी. सकाळी बघू.

गुरुवार, २ ऑक्टोबर. विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन

आता दुपारचे साडेचार झालेत. विहाराच्या पायरीवर बसून लिहितो आहे. क्रमाने लिहीन, नाहीतर मला कळणार नाही.

सकाळी सात वाजता सगळी टाकून झाली. अतुलचं टाकलं नाही. वही मिटली. मग बघत बसलो. मोबाइलवर शुभेच्छांचा पूर आला होता. आठ वाजले. नऊ वाजले. विहारात झेंडा चढला, पांढऱ्या कपड्यात सगळी वस्ती जमली, त्रिशरण झालं. बेचाळीस घरांपैकी एकानेही विचारलं नाही की अतुलचं का आलं नाही. मला धक्का बसला. येसूबाईंचं आलं नव्हतं तेव्हा सात माणसं गेली होती. अतुलचं मी पाच महिने इतक्या वेळेवर टाकत आलो होतो की त्याच्याकडे बघायची सवयच सगळ्यांची मोडली होती.

दहाला नंदामावशी गर्दीतून वाट काढत आली. मोबाइल हातात उलटा धरलेला.

"पदू, अतुलचं आलं न्हाई रं."

"येईल मावशी," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला तळ्यावरचं ऐकू आलं. फुडंबी टाकत जा. प्रत्येक सनाला. कुनाला कायच कळायचं न्हाई. चार दिवस मी ते वाक्य त्याच्या गुपिताबद्दलचं समजत होतो. तो स्वतः नसेल त्यानंतरच्या सणांचं बोलत होता. मी खालीच बसलो.

शपथ मोडली. मावशीला सगळं सांगितलं, तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी. तिने मोबाइल कमरेला खोचला. शेवटी म्हणाली, "गाडी काढ."

गोरखआबांच्या पुतण्याची गाडी घेतली. हायवेला सुट्टीची गर्दी, जुन्या रस्त्याला त्याहून जास्त. मी दर सिग्नलला फोन लावत होतो. बंद. मावशी मागे बसून माझा खांदा इतका घट्ट धरून होती की अजून दुखतोय.

बंगल्यात पाहुणे होते. टाकीत पोरं उड्या मारत होती, मोठ्याने गाणी चाललेली. स्वयंपाकाच्या शालूबाई म्हणाल्या, "सकाळपासनं दिसला न्हाई बाबा. मागं पंपाच्या खोलीत आसंल. मी हाक मारली, ओ दिली न्हाई. म्हटलं झोपलाय."

दाराला आतून कडी. मी दार वाजवलं. काही नाही. मी धडका मारणार होतो, तेवढ्यात मावशीने मला बाजूला केलं आणि दारावर तळहात ठेवला.

"अत्या. आई हाय. दार उघड."

गाणी चाललीच होती. मला वाटलं तिचा आवाज आत पोहोचलाच नसेल.

"अत्या, मी चालत न्हाई आले. पद्याच्या गाडीवर आले. माजी कंबर मोडली. दार उघड, मला बसू दे."

कडी निघाली.

तो उभा होता. जिवंत. अंघोळ केलेली, दाढी काढलेली. खोली झाडलेली. अंथरुणाची घडी, कपड्यांची घडी, त्यावर घड्याळ, पाकीट, आणि बंगल्याच्या किल्ल्या एका ओळीत. मला पहिल्यांदा बरं वाटलं, की अतुल किती व्यवस्थित राहतोय. मग कळलं. इतकं नीट आवरून कोणी जेवायला बसत नाही.

खाटेवर त्याचा दुसरा मोबाइल, बंगल्याच्या कामाचा. त्यावर त्याचंच पान उघडं होतं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "का न्हाई टाकलंस?"

"हात चालला नाही."

"सकाळपासनं बगतोय. म्हटलं, पद्या टाकंल. एकदा आलं की..." तो थांबला. "सात वाजले, आठ वाजले. तू कदी चुकत न्हाईस. म्हटलं आता यील, मग यील. थांबून राहिलो."

मला हे पूर्ण कळलं आहे असं मी लिहिणार नाही. पण माझी एक चौकट कोरी राहिली म्हणून तो सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत या खोलीत नुसता मोबाइलकडे बघत बसला होता, एवढं कळलं.

मावशी खाटेवर बसली. त्याला खाली, आपल्या गुडघ्यांपाशी बसवलं. डोकं, कान, मान, दंड, सगळीकडून हात फिरवला, बाजारातून आणलेलं भांडं चेपलंय का बघावं तसा. रडली नाही. मग तिने कपड्यांची घडी ओढली आणि एकेक कपडा उलगडायला लागली. बनियन. पँट. राखाडी शर्ट.

"निळा कुटंय?"

तिने अंथरुणाची घडीही उलगडली.

"निळा शर्ट रं. घेतलावता न्हवं? कुटंय?"

अतुलने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. मावशी, असा शर्ट नाही. मी संगणकावर रंगवला. तुम्ही विचारलंत म्हणून.

मावशीने राखाडी शर्टाच्या विरलेल्या कोपरातून बोट घातलं, ते पलीकडे निघालं. ती त्या बोटाकडे बघत राहिली.

"मी इचारलं व्हतं," ती म्हणाली, "पोराला शर्ट का न्हाई. तू मला शर्ट दावलास व्हय रं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अतुलनेच तिच्या हातातून शर्ट घेतला. म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे. त्याला न्हाई कळलं." आणि मग तो रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरं रडतात तसा. टाकीतल्या पोरांनी बाहेर गाणं बंद केलं.

तिघं एका गाडीवर आलो. मधे अतुल. तळेगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाई त्याच्याशी अर्धा तास दार लावून बोलल्या. मनाच्या डॉक्टरांकडे उद्याची चिठ्ठी दिली. म्हणाल्या, तोवर एकटं ठेवू नका.

मंगळवार, ७ ऑक्टोबर. आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. गोरखआबांनी ग्रंथाचं शेवटचं पान वाचलं. अतुल भिंतीला टेकून बसला होता. गोळ्यांनी झोप येते म्हणतो. खीर दोन वाट्या खाल्ली. कोणाशी बोलला नाही. माझ्याशीही नाही. माझ्या शेजारून उठून गेला नाही, एवढंच.

त्याचं खातं दुकानातल्या संगणकावरून काढून टाकलं. बाकीच्या सहा जणांच्या घरी गेलो आणि दर वेळी विचारून टाकत जाऊ का, असं विचारलं. येसूबाई म्हणाल्या, "इचाराया येनार आसशील तर रोज टाक." निळ्या शर्टाची फाइल पुसली. भाऊंना दाखवून पुसली, साक्षीदार हवा म्हणून. भाऊंनी फाइल गेली का ते दोनदा पाहिलं. चहा मागवला.

काल संध्याकाळी मावशीला विचारलं होतं, पौर्णिमेचं अतुलचं काय करू.

"कायबी टाकू नगंस," ती म्हणाली. "न्हाई दिसलं तर इचारत येतील. येऊ देत. दार उघडं हाय."

आज दुपारपर्यंत चार जण तिच्या दारात गेले. आक्काबाई पहिल्या, शेळीचं दूध घेऊन.

वहीत एक्केचाळीस खुणा आहेत. अतुलची चौकट कोरी आहे. आईने ताट वाढलं, मी जेवलो.